केबलीचे खरे वय

तुमच्या घरी एखादी जुनी इस्त्री असेल तर तिची वायर एकदा नीट न्याहाळून पाहा. (इस्त्री गार आणि तिची पिन भिंतीतून काढलेली असू द्या!) पिनेकडचा भाग बहुधा मऊ असतो. इस्त्रीच्या मुठीजवळचा भाग मात्र कडक झालेला, कधी रंग बदललेला, तर कधी बारीक भेगा पडलेला आढळतो. वायर एकच, ती विकत आणली तीही एकाच दिवशी. मग तिचे एक टोक तरुण आणि दुसरे म्हातारे कसे?

याचे उत्तर असे की वायरीचे वय दिनदर्शिकेवरून ठरत नाही. तिने किती उष्णता सोसली, कोणत्या हवेत दिवस काढले, यावर ते ठरते. घरातील वायर खराब झाली तर आपण ती बदलून टाकतो. परंतु अणुवीज केंद्रात हाच प्रश्न फार मोठा होतो. तेथील केबलींचे खरे वय कसे ओळखतात, ते आज आपण पाहू.

हजार किलोमीटरचे जाळे

एका अणुवीज केंद्रातील सर्व केबली एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी हजार किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक भरते. त्यांचे तीन मुख्य प्रकार असतात. पंप, पंखे, मोटारी यांना वीज पुरविणाऱ्या त्या शक्ति-केबली. झडपा उघडण्याचा किंवा मिटण्याचा हुकूम नेणाऱ्या त्या नियंत्रण केबली. तापमान, दाब, पाण्याची पातळी यांची खबर नियंत्रण कक्षात आणणाऱ्या त्या मापन केबली. माणसाच्या शरीराशी तुलना केली तर पहिल्या प्रकारच्या केबली रक्तवाहिन्यांसारख्या, आणि उरलेल्या दोन मज्जातंतूंसारख्या आहेत.

केबलीच्या गाभ्यात तांब्याच्या तारा असतात. प्रत्येक तारेवर निरोधक थर असतो. तो वीज बाहेर निसटू देत नाही. अशा अनेक तारा एकत्र करून त्यांवर एक जाड बाह्य आवरण चढवितात. तांबे चाळीस वर्षांत फारसे बदलत नाही. म्हातारपण येते ते निरोधकाला आणि आवरणाला, कारण ती प्लॅस्टिकची किंवा रबराची असतात. पी.व्ही.सी., पॉलिएथिलीन, एथिलीन-प्रॉपिलीन रबर, सिलिकॉन रबर ही त्यांतील नेहमीची नावे आहेत.

भारतातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे १९६९ साली सुरू झाले. जगातील बरीच केंद्रे त्यानंतरच्या वीस वर्षांत उभी राहिली. ती बांधताना सामान्यतः चाळीस वर्षांचा हिशेब धरलेला होता. पुढे अमेरिकेत अनेक केंद्रांचे परवाने साठ वर्षांपर्यंत आणि काहींचे ऐंशी वर्षांपर्यंत वाढविण्यात आले. पंप बदलता येतो, टर्बाइन बदलता येते. भिंतींतून, जमिनीखालून, अणुभट्टीच्या जाड काँक्रीटच्या घुमटातून ओवलेले हजार किलोमीटरचे जाळे संपूर्ण बदलणे मात्र अतिशय कठीण आणि खर्चाचे काम आहे. म्हणून त्यांतील कोणती केबल अजून चांगली आहे आणि कोणती नाही, हे ओळखावेच लागते.

केबली गेल्या तर काय होते?

३१ मार्च १९९३ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातील नरोरा येथील अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन जोरात हादरू लागले. जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरलेला हायड्रोजन वायू बाहेर निसटला आणि त्याने पेट घेतला. तेल पेटले, आणि आग केबलींपर्यंत पोहोचली. निरनिराळ्या व्यवस्थांच्या केबली शेजारीशेजारी घातलेल्या होत्या, त्यामुळे त्या एकदमच निकामी झाल्या. राखीव डिझेल जनित्रे होती, पण त्यांची वीज पंपांपर्यंत नेणार कोण? सुमारे सतरा तास तो संच विजेवाचून होता.

कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी एका मिनिटाच्या आत बंद केली होती. परंतु अणुभट्टी ही चूल नव्हे, की लाकडे ओढली आणि विझली. बंद केल्याच्या क्षणीही तिच्यात पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते, आणि एक दिवसानंतरही सुमारे अर्धा टक्का. ही उष्णता सतत वाहून न्यावी लागते. नरोऱ्याच्या कर्मचाऱ्यांनी अंधारात, हाती बॅटरी घेऊन, झडपा हातांनी उघडल्या. आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी त्यांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले. अणुभट्टी सुरक्षित राहिली आणि किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही.

नरोऱ्याच्या केबली म्हातारपणाने गेल्या नव्हत्या, त्या आगीने गेल्या. तरी ही हकिगत लक्षात ठेवा. केबली एकदम गेल्या की चांगले पंप, चांगली जनित्रे आणि चांगली मापन यंत्रे असूनही नसल्यासारखी होतात. आगीने एकदम झाले तेच शेकडो केबलींच्या जीर्णपणामुळे संकटाच्या एखाद्या दिवशी होऊ नये, यासाठी ही सारी खटपट आहे.

प्लॅस्टिक म्हातारे होते म्हणजे काय?

प्लॅस्टिक आणि रबर यांचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. ओढले की त्या उलगडतात आणि सरकतात, म्हणून पदार्थ मऊ आणि लवचिक असतो.

उष्णतेने या साखळ्या सतत थरथरत असतात आणि हवेतील ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला चढवीत असतो. अणुभट्टीजवळ आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे गॅमा किरण. ते साखळीचे दुवे तोडून तिला ‘मोकळा हात’ देतात. या मोकळ्या हाताला ऑक्सिजन चटकन पकडतो. पुढे दोन गोष्टी घडतात. काही साखळ्या तुटून आखूड होतात, तर काही शेजारच्या साखळीला आडव्या गाठी मारून बसतात. दोन्हींचा परिणाम एकच. पदार्थ ठिसूळ होतो.

हे टाळण्यासाठी कारखान्यातच प्लॅस्टिकमध्ये ऑक्सिजनरोधी द्रव्ये मिसळतात. ती स्वतः खर्च होऊन साखळ्यांचे रक्षण करतात. जोवर ही शिल्लक पुरते, तोवर केबल जवळजवळ नव्यासारखी राहते. शिल्लक संपली की पुढची घसरण वेगाने होते. म्हणून तीस वर्षे ठणठणीत असलेली केबल पुढची तीस वर्षेही तशीच राहील, असा हिशेब मांडता येत नाही.

मेगर ‘ठीक’ म्हणतो, तरीही?

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? वायरमनजवळ मेगर असतो. तो निरोधकावर पाचशे किंवा हजार व्होल्टचा दाब देतो आणि रोध किती मेगओहम आहे ते दाखवितो. त्याने मोजावे आणि सांगावे.

खरी मेख येथेच आहे. निरोधक ठिसूळ झाला तरी त्याचा विद्युत् रोध बराच काळ उत्तम राहतो. इतकेच काय, त्याला बारीक भेग पडली तरी ती कोरडी असेपर्यंत तिच्यात हवा असते, आणि कोरडी हवा हीही चांगली निरोधकच आहे! त्यामुळे मेगर ‘ठीक’ म्हणतो. तो खोटे सांगत नाही. तो आजच्या दिवसापुरते सांगतो.

परंतु घुमटाच्या आतील केबलीची खरी परीक्षा आज नसते, ती अपघाताच्या दिवशी असते. समजा, अणुभट्टीच्या शीतकाचा मोठा नळ फुटला. घुमटाच्या आत दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ दाटते, दाब वाढतो, किरणोत्सर्ग वाढतो, वरून पाण्याचे फवारे पडतात. नेमक्या त्याच वेळी दाब आणि पातळी यांच्या खबरा कक्षात पोहोचल्या पाहिजेत. ठिसूळ निरोधकाच्या भेगांत आता हवेऐवजी पाणी शिरते आणि वीज गळू लागते.

एक छोटे गणित करू. अशी अनेक मापन यंत्रे आपला संदेश ४ ते २० मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहाने पाठवितात. चार म्हणजे शून्य आणि वीस म्हणजे पूर्ण माप. मधले अंतर १६ मिलिअँपिअर. ओल्या भेगेतून अवघा १ मिलिअँपिअर प्रवाह गळला, तर वाचनात एक-सोळांश, म्हणजे सुमारे ६ टक्के चूक होते. यंत्र बंद पडले तर ते निदान कळते. ते चुकीचे सांगू लागले तर कळतही नाही!

म्हणून केबलीला विचारायचा प्रश्न ‘आज वीज अडवितेस का?’ हा नाही. ‘चाळीस-पन्नास वर्षांनंतरही तो एक कठीण दिवस निभावशील का?’ हा आहे.

चाळीस वर्षे दोन महिन्यांत

नवी केबल बसविण्यापूर्वी हा प्रश्न तिला विचारता येतो का? त्यासाठी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस याचा आधार घेतात. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग कसा वाढतो, याचे सूत्र त्याने १८८९ मध्ये मांडले. त्यावरून एक ढोबळ नियम निघतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो.

समजा, केबल ५० अंश सेल्सिअसला चाळीस वर्षे काढणार आहे. तिला भट्टीत १३० अंशांवर ठेवली. फरक ८० अंशांचा, म्हणजे आठ वेळा दुप्पट.

२ × २ × २ × २ × २ × २ × २ × २ = २५६

चाळीस वर्षे म्हणजे १४,६०० दिवस. त्यांना २५६ने भागले की सुमारे ५७ दिवस येतात. दोन महिन्यांत चाळीस वर्षे! अशा रीतीने केबलीला कृत्रिम म्हातारपण आणतात, मग तिच्यावर गॅमा किरणांचा मारा करतात आणि शेवटी वाफेच्या पेटीत ठेवून अपघाताची परीक्षा घेतात. त्यात पास झालेली केबल केंद्रात बसवितात. (प्रत्यक्षात ‘दुप्पट’ हा आकडा प्रत्येक पदार्थासाठी वेगळा असतो आणि तो प्रयोगाने काढावा लागतो.)

घाईच्या परीक्षेने दिलेला धडा

पण निसर्ग इतका सरळ नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात सव्हाना रिव्हर येथे अणुभट्ट्या होत्या. तेथील काही केबलींचा निरोधक पॉलिएथिलीनचा आणि वरचे आवरण पी.व्ही.सी.चे होते. अवघ्या बारा वर्षांत त्यांतील काहींचा निरोधक ठिसूळ होऊन तडकलेला आढळला. तेथील तापमान होते फक्त सुमारे ४३ अंश, म्हणजे आपल्याकडील विदर्भातील उन्हाळ्याइतके. आणि किरणांची एकूण मात्रा फार तर २५ किलोग्रे.

ही मात्रा किती लहान आहे ते पाहा. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे. २५ किलोग्रे म्हणजे किलोग्रॅममागे २५,००० ज्यूल. एवढी ऊर्जा एक किलोग्रॅम पाण्याला दिली तर ते जेमतेम ६ अंशांनी तापेल! प्रयोगशाळेतील झटपट परीक्षांत हे पदार्थ याहून कितीतरी मोठ्या मात्रा सोसत होते. मग येथे काय घडले?

सँडिया प्रयोगशाळेतील रॉजर क्लफ आणि केनेथ गिलन या संशोधकांनी याचा छडा लावला. एक कारण असे, की ऑक्सिजनला प्लॅस्टिकच्या आत झिरपायला वेळ लागतो. मोठी मात्रा थोड्या तासांत दिली तर ऑक्सिजन पृष्ठभागाजवळच संपून जातो आणि आतला भाग बचावतो. तीच मात्रा सावकाश, बारा वर्षांत दिली तर ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक किरणाच्या जखमेत बोट घालतो!

दुसरे कारण अधिक मजेदार आहे. किरणांमुळे प्लॅस्टिकमध्ये पेरॉक्साइडे तयार होऊन साठतात. ही साधी ऊब मिळाली तरी फुटतात आणि नव्या तोडफोडीला सुरुवात करतात. म्हणून आधी किरण आणि मग उष्णता दिली तर नुकसान अधिक होते. आधी उष्णता आणि मग किरण दिले तर कमी. किरण आणि उष्णता ही जोडी मिळून जे करते, ते दोघांच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेहून जास्त असते.

यातून धडा असा मिळाला, की बसविण्यापूर्वीचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. केबल कामावर असतानाच तिची प्रकृती अधूनमधून तपासली पाहिजे.

तपासणीच्या तऱ्हा

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि बोटांनी. संच बंद असताना अनुभवी तंत्रज्ञ केबलींच्या मार्गाने फिरतात. बहुतेक केबली थंड जागी असतात आणि त्या सावकाश म्हाताऱ्या होतात. धोका असतो तो ‘तप्त जागी’, म्हणजे वाफेच्या नळाजवळ, नळावरचे उष्णतारोधक वेष्टन निघून आलेल्या ठिकाणी, किंवा मोटारीच्या अगदी तोंडाशी. आपल्या इस्त्रीच्या मुठीजवळ जे होते तेच येथे होते. म्हणून हजार किलोमीटर तपासावे लागत नाहीत. आधी ही ठिकाणे शोधायची.

दुसरी तपासणी ताणाची. निरोधकाचा तुकडा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढतात. १० सेंटिमीटरचा तुकडा ४० सेंटिमीटर होऊन तुटला तर त्याची वाढ ३०० टक्के. नव्या निरोधकाची वाढ साधारणतः काही शे टक्के असते, आणि वयाबरोबर ती घटत जाते. ती ५० टक्क्यांवर आली की केबलीचे आयुष्य संपले, असे बहुधा धरतात. ५०च का? २ सेंटिमीटर जाडीची केबल २० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपाभोवती गुंडाळली तर तिच्या बाहेरच्या कडेला सुमारे ९ टक्के ताण बसतो. म्हणजे ५० टक्के वाढ असलेल्या निरोधकाजवळ हाताळणी आणि अपघात सोसण्याइतकी शिल्लक असते.

ही कसोटी सर्वांत विश्वासाची, पण तिच्यात एक खोट आहे. तुकडा कापावा लागतो! चालू केबल कशी कापणार? यावर काही केंद्रांनी एक युक्ती योजली आहे. केंद्रातील उष्ण आणि किरणोत्सर्गी जागी त्याच जातीच्या जादा केबली टांगून ठेवायच्या. त्यांतून वीज नेत नाहीत. दर काही वर्षांनी त्यांचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवितात. जणू ही केबलींची बचत पेढीच.

तिसरी तपासणी दाबाची. आंबा पिकला की नाही ते आई बोटाने दाबून पाहते. येथे बोटाऐवजी मिलिमीटरहून बारीक टोकाची पोलादी काडी असते. छोटी मोटार ती आवरणावर ठरावीक वेगाने किंचित दाबते, आणि किती खोलीला किती बल लागले ते यंत्र नोंदविते. आंब्याच्या उलट येथे जुने ते कडक! केबलीला इजा होत नाही आणि कापावेही लागत नाही. परंतु गाठी मारलेल्या पॉलिएथिलीनसारखे काही पदार्थ अखेरपर्यंत फारसे कडक होत नाहीत, आणि मग एकदम जातात. त्यांच्यापुढे ही रीत लंगडी पडते.

चौथी तपासणी शिलकेची. काही मिलिग्रॅम निरोधक खरवडून घेतात आणि ऑक्सिजनमध्ये ठरावीक तापमानाला, बहुधा २०० अंशांच्या आसपास, ठेवतात. रक्षक द्रव्ये शिल्लक असेपर्यंत काही घडत नाही. ती संपली की पदार्थ ऑक्सिजनशी संयोग पावून उष्णता बाहेर टाकू लागतो. किती मिनिटांनी हे घडले, ते पाहायचे. नव्या केबलीला बराच वेळ लागतो, जुनीला थोडा.

पाचवी तपासणी प्रतिध्वनीची. केबलीच्या एका टोकातून विजेचा अतिशय छोटा स्पंद सोडतात. तो केबलीतून मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर धावतो. वाटेत कोठे निरोधक बदललेला, भिजलेला किंवा तुटलेला असेल तर तेथून त्याचा काही भाग परततो. डोंगरकड्यावरून हाक परत यावी तसा! प्रतिध्वनी १.२ मायक्रोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन अंतर २४० मीटर. म्हणजे बिघाड १२० मीटरवर. ही रीत बिघाडाची जागा सांगते, पण तो किती गंभीर आहे ते नेमके सांगत नाही.

जमिनीखालील, पाणी साचणाऱ्या चरांतील उच्च दाबाच्या केबलींचा रोग आणखी निराळा. तेथे विजेचा दाब आणि ओल मिळून निरोधकात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म ओल्या वाटा तयार होतात. त्यांना ‘जलवृक्ष’ म्हणता येईल. त्यांच्यासाठी, निरोधक प्रत्यावर्ती विजेची किती ऊर्जा गिळतो ते मोजतात.

पाहिलेत ना? एकही तपासणी एकटी पुरत नाही. चांगला वैद्य जसा नाडी, जीभ आणि डोळे पाहून मगच निदान करतो, तसेच हे आहे.

तुम्ही करून पाहा

एकाच पुडीतील बारा रबरबँड घ्या. सहा डब्यात घालून अंधाऱ्या, गार जागी ठेवा. सहा दोऱ्याला ओवून उन्हात टांगा. दर रविवारी दोन्हींतून एकेक रबरबँड काढा. त्यांची मूळ लांबी मोजा. मग पट्टीशेजारी धरून सावकाश, तुटेपर्यंत ताणा. (डोळ्यांवर चष्मा असावा आणि तोंड दूर ठेवा.) तुटताना लांबी किती होती ते लिहून घ्या. वाढीची टक्केवारी काढा. सहा आठवड्यांनी आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढा, एक सावलीची आणि एक उन्हाची. ताणण्यापूर्वी प्रत्येक रबरबँड नखाने दाबूनही पाहा. टक्केवारी उतरण्यापूर्वी तुमच्या नखाला किंवा डोळ्यांना काही सुगावा लागला का, ते वहीत नोंदवा.

घरातील विजेच्या वायरींवर मात्र कोणताही प्रयोग करू नका. इस्त्रीची वायर कडक झालेली किंवा भेगाळलेली दिसली तर ती वापरणे थांबवा आणि मोठ्यांना सांगून बदलून घ्या.

सोडवा पाहू

१. एका केबलीचे ६० अंशांवरील २० वर्षांचे म्हातारपण १२० अंशांच्या भट्टीत किती दिवसांत आणता येईल? दहा अंशांचा नियम वापरा.

२. ३०० मीटर लांबीच्या केबलीत ०.९ मायक्रोसेकंदांनी एक प्रतिध्वनी आला. बिघाड किती अंतरावर आहे? दूरच्या टोकाचा प्रतिध्वनी केव्हा येईल?

उत्तरे : १. सुमारे ११४ दिवस. २. ९० मीटरवर, ३ मायक्रोसेकंदांनी.